घटसर्प, पटकी, धनुर्वात: जिवाणू आपल्या प्रथिनांत कोणते बदल करतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोगजंतू शरीरात शिरतात, वाढतात आणि माणूस आजारी पडतो, एवढे शाळेपासून ठाऊक असते. पण घटसर्पाचा जंतू घशातच राहतो आणि रुग्णाचे हृदय बंद पडते. पटकीचा जंतू आतड्याच्या भिंतीला ओरखडाही काढत नाही, तरी धडधाकट माणूस काही तासांत सुकून जातो. जंतू जिथे पोचलेलाच नाही तिथली पेशी का कोलमडते, याचे उत्तर प्रथिनांच्या रसायनात आहे. जंतू एक विष सोडतो. ते विष आपल्या एखाद्या प्रथिनाला छोटासा रेणू चिकटवते किंवा त्याचा एखादा बंध तोडते, आणि तेवढ्याने पेशीचे काम बिघडते.

यातली सर्वांत मोलाची गोष्ट मला ही वाटते, की माणसाने तेच रसायन जंतूवर उलटवले. बाळाला दिल्या जाणाऱ्या त्रिगुणी लशीत घटसर्पाचे आणि धनुर्वाताचे विषच असते, फक्त रासायनिक बदल करून निरुपद्रवी केलेले. लसीकरणाच्या वेळी पालक विचारतात ते आणि जीवशास्त्र शिकणारी मुले विचारतात ते प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

प्रथिनातला रासायनिक बदल म्हणजे नेमके काय?

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. पेशी ही साखळी वीस प्रकारच्या अमिनो आम्लांपासून विणते. साखळी विणून झाली की काम संपत नाही. तिच्या ठरावीक जागी पेशी फॉस्फेट, ॲसिटिल गट, साखरेचे रेणू किंवा युबिक्विटिन नावाचे ७६ अमिनो आम्लांचे आख्खे छोटे प्रथिन जोडते, गरज संपली की काढून टाकते. काही प्रथिने एका जागी कापली गेल्यावरच कामाला लागतात. हे सगळे बदल घडवून आणणारी प्रथिने म्हणजे विकर, रोजच्या भाषेत एन्झाइम.

पेशीचा जवळजवळ प्रत्येक निर्णय अशा जोडण्या-काढण्यावर चालतो: वाढायचे की थांबायचे, धोक्याची सूचना द्यायची की नाही, पाणी बाहेर सोडायचे की आत ओढायचे. प्रथिनाला फॉस्फेट जोडून त्याचे काम चालू-बंद करता येते हे एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी १९५० च्या दशकात दाखवले. त्यासाठी त्यांना १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

जिवाणू नेमके इथेच घुसतात. पेशीतली हजारो प्रथिने नष्ट करण्याची त्यांना गरज पडत नाही. मोक्याच्या एका प्रथिनावरचे एक अमिनो आम्ल बदलले की काम होते.

हा बदल आणि जनुकातले उत्परिवर्तन एकच का?

नाही. उत्परिवर्तनात प्रथिनाची मूळ कृतीच बदलते आणि तो बदल पुढच्या पेशींत उतरतो. इथे जनुक शाबूत असते, तयार झालेल्या प्रथिनावर बदल होतो. म्हणून पेशी जगली तर नवे, कोरे प्रथिन बनवू शकते. पटकीतून माणूस बरा होतो त्यामागे हे एक कारण आहे, ते पुढे येईल.

आपण खातो त्या प्रथिनांशी याचा काही संबंध आहे का? प्रोटीन पावडर घेतल्याने संरक्षण मिळते का?

खाल्लेली प्रथिने पोटात आणि आतड्यात तुटून त्यांची अमिनो आम्ले रक्तात जातात. इथे चर्चा आहे ती पेशीच्या आत काम करणाऱ्या प्रथिनांची. कुपोषित मुलाला संसर्ग जास्त जाचतो हे खरे, पण विषाचा हल्ला कोणत्याही पावडरीने थांबत नाही. तो लशीने थांबतो.

घटसर्पात नेमके काय होते?

हे उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण या विषयाचा पाया इथेच रचला गेला.

घटसर्पाचा जंतू घशात आणि टॉन्सिलवर वाढतो. मेलेल्या पेशी, रक्तातले घटक आणि जंतू यांचा करडा-पांढरा, चिवट पापुद्रा घशात तयार होतो. तो खरवडायला गेले तर रक्त येते. लहान मुलाचा श्वास या पापुद्र्याने कोंडू शकतो. पण कित्येक रुग्ण त्यातून सावरतात आणि एक-दोन आठवड्यांनी हृदयाच्या स्नायूला सूज येऊन दगावतात. १८८८ साली पॅरिसमध्ये एमिल रू आणि अलेक्झांडर यर्सिन यांनी जंतू गाळून काढलेला द्रव प्राण्यांना टोचला. द्रवात एकही जंतू नव्हता, तरी प्राण्यांना तोच आजार झाला. मारणारी गोष्ट जंतूपासून वेगळी काढता येते हे त्यातून सिद्ध झाले.

हे विष म्हणजे दोन कामांचे एक प्रथिन. एक भाग पेशीच्या पृष्ठभागाला चिकटतो आणि दुसऱ्याला आत पोचवतो. आत गेलेला भाग एन्झाइम आहे. आपल्या पेशीत नवी प्रथिने विणताना साखळी पुढे सरकवण्याचे काम ईएफ-२ नावाचे प्रथिन करते. विष या ईएफ-२ ला एडीपी-रायबोज नावाचा रेणू कायमचा जोडते. त्यासाठी लागणारा कच्चा माल, एनएडी, तेही ते आपल्याच पेशीतून घेते. एनएडी आपल्या शरीरात ब-३ जीवनसत्त्वापासून बनते. ईएफ-२ अडकले की प्रथिने विणणे थांबते आणि पेशी मरते. हृदयाच्या स्नायूच्या आणि चेतातंतूंच्या पेशींवर याचा घाव विशेष बसतो.

एन्झाइम असल्यामुळे विषाचा एक रेणू एक काम करून थांबत नाही, तो एकामागून एक ईएफ-२ बाद करत जातो. आत पोचलेला एकच रेणू आख्खी पेशी मारायला पुरतो, हे १९७८ साली जपानी संशोधकांनी प्रयोगाने दाखवले.

आणखी एक तपशील मला कायम थक्क करतो. विष ज्या जागी घाव घालते ती जागा मुळातच बदललेली असते. ईएफ-२ मधल्या एका हिस्टिडिनवर आपली पेशी स्वतःच एक गुंतागुंतीची जोडणी करते. त्या बदललेल्या अमिनो आम्लाला डिफ्थामाइड म्हणतात. ते ईएफ-२ सोडून दुसऱ्या कोणत्याही प्रथिनात आढळत नाही. म्हणजे हजारो प्रथिनांतून नेमके हवे ते प्रथिन ओळखण्याची खूण आपल्याच पेशीने लावून ठेवलेली असते.

आणि हे विष बनवण्याचे जनुक मूळचे जंतूचेही नाही. जिवाणूंना लागण करणारा एक विषाणू ते घेऊन येतो. तो विषाणू नसलेला घटसर्पाचा जंतू घशात राहिला तरी हे विष बनवू शकत नाही.

जंतू मारायला अँटिबायोटिक आहे, मग घटसर्पात अँटिटॉक्सिन घाईने का देतात?

पेनिसिलिन किंवा एरिथ्रोमायसिन जंतू मारते, म्हणजे विषाचा कारखाना बंद होतो. पण आधीच सुटलेले विष रक्तात फिरत असते, त्याला हे औषध हात लावत नाही. अँटिटॉक्सिन, म्हणजे विषाला धरून ठेवणारी प्रतिपिंडे, ते विष रक्तात असेपर्यंतच निकामी करू शकतात. एकदा विष पेशीत शिरले आणि ईएफ-२ ला एडीपी-रायबोज जोडले गेले, की ते काढून टाकणारे औषध आज नाही. म्हणून घशाच्या नमुन्याचा अहवाल येण्याची वाट न पाहता, नुसत्या संशयावर डॉक्टर अँटिटॉक्सिन सुरू करतात. इथे तास मोजावे लागतात.

अँटिटॉक्सिन घोड्यांच्या रक्तापासून बनवतात. एमिल फॉन बेहरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी १८९० मध्ये या पद्धतीची वाट दाखवली आणि बेहरिंग यांना १९०१ मध्ये वैद्यकातले पहिले नोबेल मिळाले. आजही जगात पुरवठा अपुरा पडतो, कारण श्रीमंत देशांत हा आजार जवळजवळ संपल्याने उत्पादन करणारे थोडे उरले. भारतात मात्र घटसर्प गेलेला नाही. जगात दरवर्षी नोंदल्या जाणाऱ्या रुग्णांत आपला वाटा अनेक वर्षे मोठा राहिला आहे, आणि लस हाताशी असताना हे घडते याचे वाईट वाटते.

पटकीत शरीरातले पाणी का जाते?

पटकीचे विष एडीपी-रायबोजच जोडते, पण वेगळ्या प्रथिनाला. आतड्याच्या पेशीत जी-एस नावाचे प्रथिन असते. बाहेरून संदेश आला की ते क्षणभर चालू होते, एक काम करते आणि स्वतःच बंद होते. पटकीचे विष त्याच्या एका आर्जिनिनला एडीपी-रायबोज जोडते आणि स्वतःला बंद करण्याची त्याची क्षमताच जाते. दारावरची बेल कुणीतरी दाबावी आणि बटण आतच अडकून बसावे, तसे. पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा रेणू साचत जातो. त्याने जागे झालेले एन्झाइम सीएफटीआर या क्लोराइडच्या वाटेला फॉस्फेट जोडते, वाट उघडी राहते, क्लोराइड आतड्यात ओतले जाते, त्यामागे सोडियम जाते आणि त्यांच्यामागे पाणी. तीव्र पटकीत ताशी लिटरभर पाणी जाऊ शकते. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब म्हणतात ते हेच. त्यात रक्त नसते, कारण आतड्याला जखमच झालेली नसते.

पटकीमागे आतड्यावर काम करणारे विष आहे हे कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी सिद्ध केले. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये पटकीचा जंतू ओळखला होता आणि विषाची शक्यताही बोलून दाखवली होती, पण पुढची पंचाहत्तर वर्षे ते कुणाच्या हाती लागले नाही. बहुतेक जण ते रक्तात शोधत होते. डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी बांधून त्यात जंतूविरहित गाळलेला द्रव टोचला. तुकडा पाण्याने फुगला. १९५९ साली 'नेचर'मध्ये त्यांचा छोटासा शोधनिबंध आला. साधी प्रयोगशाळा, साधी पद्धत, आणि प्रश्न अचूक जागी विचारलेला. नोबेलविजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव नोबेलसाठी सुचवले होते. देशात मात्र हयातीत त्यांना साजेसा मान मिळाला नाही. भारतीय जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हे नाव ठळक अक्षरांत असायला हवे असे माझे ठाम मत आहे.

जी-एस बिघडलेलेच राहते, मग जलसंजीवनीने रुग्ण वाचतो कसा?

कारण विष सगळी दारे बंद करत नाही. आतड्याच्या पेशीत सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत ओढणारे आणखी एक प्रथिन असते. त्याला पटकीचे विष स्पर्श करत नाही. नुसते पाणी प्यायले तर ते जुलाबावाटे निघून जाते. योग्य प्रमाणात मीठ आणि साखर मिसळली, की हे प्रथिन दोन्ही आत घेते आणि पाणी त्यांच्यामागे येते. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी बनगाव इथल्या निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी डबे भरून पाजायला लावले आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले ते २०२३ मध्ये.

दरम्यान शरीर स्वतःची दुरुस्ती करत असते. आतड्याच्या अस्तराच्या पेशी साधारण तीन ते पाच दिवसांत झडून नव्या येतात. बिघडलेले जी-एस जुन्या पेशींबरोबर निघून जाते. तोवर पाणी आणि क्षार टिकवून धरणे एवढेच उपचाराचे मुख्य काम. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झाले तर अपाय होतो, म्हणून मोजूनच घालावे. रुग्ण मलूल पडला, लघवी थांबली किंवा पाणी पोटात टिकत नसेल, तर घरी थांबू नये.

डांग्या खोकल्यात अँटिबायोटिक देऊनही खोकला आठवडेच्या आठवडे का टिकतो?

त्याचा जंतू लवकर मरतो, पण त्याने केलेले नुकसान भरून यायला वेळ लागतो. त्याच्या विषाचे रसायन पटकीसारखेच आहे, एडीपी-रायबोज जोडण्याचे. फक्त इथे बळी जी-आय हे प्रथिन, जे सायक्लिक एएमपी कमी ठेवण्याचे काम करते. त्याच्या शेवटाजवळच्या एका सिस्टीनवर जोडणी झाली की संदेश त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. पांढऱ्या पेशींना रक्तातून बाहेर पडून संसर्गाच्या जागी जाता येत नाही, म्हणून त्या रक्तात साचत जातात. तान्ह्या बाळात ही संख्या इतकी वाढू शकते की फुप्फुसातला रक्तप्रवाह अडतो. दोन महिन्यांखालच्या बाळांना धोका सर्वांत जास्त, आणि त्यांची पहिली लस सहाव्या आठवड्याला असते. तोवर त्यांचे रक्षण घरातल्या मोठ्यांच्या हातात. बाळंतिणीच्या खोलीत खोकणारी व्यक्ती येऊ न देणे हा जुना नियम पाळावा.

धनुर्वातात प्रथिनाला काही जोडले जाते का?

नाही, कापले जाते. धनुर्वाताचे विष जस्ताच्या अणूच्या मदतीने काम करणारी रासायनिक कात्री आहे. जखमेतून ते मज्जातंतूत शिरते, तंतूच्या आतून उलट्या दिशेने मज्जारज्जूपर्यंत जाते आणि तिथे स्नायूंना सैल पडा असा निरोप देणाऱ्या पेशींत पोचते. त्या पेशीतले सिनॅप्टोब्रेव्हिन हे प्रथिन ते एका ठरावीक जागी कापते. १९९२ मध्ये हे उलगडले. सैल पडण्याचा निरोप पोचेनासा होतो, म्हणून जबडा मिटतो आणि पाठ कमानीसारखी ताठते.

बॉट्युलिझम, म्हणजे दूषित अन्नातून होणारी एक विषबाधा, तिच्या विषाचा एक प्रकार हेच प्रथिन अगदी त्याच बंधावर कापतो, आणि परिणाम बरोबर उलटा होतो: स्नायू लुळे पडतात. कारण ते विष मज्जारज्जूकडे न जाता स्नायूजवळच्या टोकालाच थांबते. रासायनिक बदल एकच, जागा वेगळी, आजार दोन टोकांचे.

मुंबई-पुण्यातल्या प्लेगचा जंतूही हेच करत होता का?

हो, त्याच्या पद्धतीने. १८९६ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात पसरलेला प्लेग मराठी माणसाच्या स्मृतीत खोल आहे. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. त्याच वर्षी जानेवारीत वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत बनवलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच कामातून उभी राहिली.

प्लेगचा जंतू आपल्या भक्षक पेशींना चिकटून सुईसारख्या यंत्रणेने आत प्रथिने टोचतो. त्यातले एक, योप-जे, काय करते हे २००६ मध्ये कळले. धोक्याची सूचना पुढे नेणाऱ्या प्रथिनांवर ज्या सेरिन आणि थ्रिओनिनला फॉस्फेट जोडले जायला हवे, तिथे ते आधीच ॲसिटिल गट बसवते. जागा अडली, फॉस्फेट बसत नाही, सूचना पुढे जात नाही. दुसरे, योप-एच, आधी बसलेले फॉस्फेट काढून टाकते. प्रतिकारशक्तीला जाग येण्याआधी जंतू गाठींत वाढून मोकळा होतो. दिवसादोन दिवसांत धडधाकट माणसे जाताना त्या काळच्या लोकांनी पाहिली, त्यामागे हेही एक कारण होते.

क्षयाचा जंतू तर घटसर्पासारखे विष सोडत नाही. तिथे प्रथिनांचे काय?

क्षयाचा जंतू घाईत नसतो. फुप्फुसातली भक्षक पेशी त्याला गिळते आणि खरे तर आम्लाच्या पिशवीशी जोडून पचवायला हवे. जंतू पीटीपी-ए नावाचे एन्झाइम पेशीच्या आत सोडतो, जे या जोडणीसाठी लागणाऱ्या एका प्रथिनावरचे फॉस्फेट काढून घेते. पीकेएन-जी हे त्याचे दुसरे एन्झाइम, फॉस्फेट जोडणारे, तेही पचन टाळायला मदत करते. जोडणी होत नाही, जंतू गिळणाऱ्याच्याच पोटात वर्षानुवर्षे तग धरतो. या जंतूकडे सेरिन-थ्रिओनिनला फॉस्फेट जोडणारी एकूण ११ एन्झाइमे आहेत. त्यांना अडवणारी औषधे शोधण्याचे काम चालू आहे. रुग्णाच्या हाती आज जे आहे ते म्हणजे ठरलेला औषधांचा कोर्स, मध्येच न सोडता.

जंतूच्या प्रथिनात आपली पेशी बदल करते, असेही होते का?

होते. जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी आपले कॅग-ए हे प्रथिन जठराच्या पेशीत टोचतो. पेशीचीच एन्झाइमे त्याला फॉस्फेट जोडतात, आणि त्यानंतर ते पेशीच्या वाढीचे संदेश बिघडवू लागते. जठराच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. लिजिओनेला हा न्यूमोनियाचा जंतू तर युबिक्विटिन जोडण्याची अशी तऱ्हा वापरतो जी आपल्या पेशीत नाहीच. ती २०१६ मध्ये उघड झाली आणि पाठ्यपुस्तकातले वर्णन बदलावे लागले.

त्रिगुणी लशीत विष असते म्हणता, मग बाळाला काही होत नाही का?

होत नाही, कारण ते विष राहिलेले नसते. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये गास्तों रामों यांनी घटसर्पाच्या विषात थोडे फॉर्मॅलिन घालून ते काही आठवडे उबदार जागी ठेवले. इंग्लंडमध्ये अलेक्झांडर ग्लेनी त्याच सुमारास याच वाटेने गेले. फॉर्मॅल्डिहाइड प्रथिनातल्या लायसिनसारख्या अमिनो आम्लांना जोडले जाते आणि साखळीच्या भागाभागांत पूल बांधते. त्यामुळे एन्झाइम म्हणून काम करण्याची विषाची क्षमता जाते, पण बाहेरचा आकार बराचसा तसाच राहतो. आपली प्रतिकारशक्ती आकार ओळखते. ती या निर्विष रूपाविरुद्ध प्रतिपिंडे बनवते आणि पुढे खरे विष आले की पेशीत शिरण्याआधी त्याला धरते. या निर्विष रूपाला टॉक्सॉइड म्हणतात. घटसर्प आणि धनुर्वात या दोन्ही लशी शंभर वर्षांनंतरही याच तत्त्वावर बनतात.

लस दिल्यावर येणारा ताप आणि दंडावरची किंवा मांडीवरची सूज ही मुख्यतः प्रतिकारशक्तीच्या हालचालीची खूण. त्रिगुणी लशीत डांग्या खोकल्याचे मारलेले आख्खे जंतू असतात, ताप बहुधा त्या घटकामुळे येतो.

फॉर्मॅलिन घातक असते ना? ते लशीत उरते का?

लस शुद्ध करताना ते जवळजवळ सगळे काढले जाते. उरते ते एका मात्रेत जास्तीत जास्त मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाएवढे. फॉर्मॅल्डिहाइड आपल्या पेशी रोजच्या चयापचयात स्वतः बनवतात आणि वापरतातही. तान्ह्या बाळाच्या रक्तात नैसर्गिकरीत्या असणारे प्रमाण लशीतल्या अंशाच्या कितीतरी पट असते.

प्रश्न विचारणे मात्र चुकीचे नाही. १९४८ मध्ये जपानमधल्या क्योतोत घटसर्पाच्या विषावरची ही प्रक्रिया अपुरी झाली आणि लस टोचलेली साठहून अधिक मुले दगावली. प्रत्येक साठ्याची निर्विषता तपासल्याशिवाय लस बाहेर पडत नाही, त्यामागे अशा घटनांचे ओझे आहे.

जनुकातच बदल करून जन्मतः निर्विष प्रथिन मिळवण्याचीही वाट आहे. सीआरएम-१९७ हे घटसर्पाच्या विषाचे असे रूप आहे, ज्यात ५२ व्या जागी ग्लायसिनऐवजी ग्लुटामिक आम्ल आले आहे. शेकडो अमिनो आम्लांतले एक बदलले आणि एडीपी-रायबोज जोडण्याची ताकद गेली. त्याला फॉर्मॅलिनने निर्विष करावे लागत नाही. न्यूमोनियाच्या अनेक लशींत ते वाहक म्हणून वापरतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची न्यूमोसिल ही त्यातलीच.

वाहक प्रथिन म्हणजे काय? आणि टायफॉइडच्या लशीत धनुर्वाताचा घटक कशाला?

टायफॉइडच्या जंतूवर व्ही-आय नावाचे साखरेचे आवरण असते. नुसत्या त्या साखरेची लस पूर्वीपासून होती, पण दोन वर्षांखालच्या मुलांची प्रतिकारशक्ती एकट्या साखरेला नीट ओळखत नाही. स्मृतीही टिकत नाही, कारण स्मृती घडवणाऱ्या टी पेशींना प्रथिनाचा तुकडा दिसावा लागतो. उपाय रसायनाचा: साखर धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला पक्क्या बंधाने जोडायची. आता टी पेशी प्रथिन ओळखतात आणि साखरेविरुद्धच्या पेशींना मदत करतात. बाळाला नवव्या महिन्यापासूनही लस देता येते. पेंटाव्हॅलेंट, म्हणजे पाच आजारांविरुद्धच्या एकत्रित लशीतला हिबचा (मेंदूज्वर आणि न्यूमोनिया घडवणाऱ्या एका जंतूचा) घटकही असाच जोडलेला असतो.

हैदराबादच्या भारत बायोटेकची अशी टायफॉइड लस जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केल्यावर, सार्वजनिक कार्यक्रमातून ती मुलांना देण्याची जगातली पहिली मोहीम २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने राबवली. नऊ महिने ते चौदा वर्षांच्या एक लाखाहून अधिक मुलांना ती मिळाली. त्या मोहिमेतून गोळा झालेली माहिती पुढे इतर ठिकाणच्या निर्णयांना उपयोगी पडली. आपल्या एका शहराने हे आधी केले याचा मला अभिमान आहे. २०१० पासून आफ्रिकेत मेंदूज्वराची भयंकर साथ आटोक्यात आणणारी मेनआफ्रिव्हॅक ही पुण्यात बनलेली लसही धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला साखर जोडूनच केलेली होती, आणि तिची किंमत मात्रेमागे अर्ध्या डॉलरच्या आत ठेवली होती.

पेनिसिलिनही प्रथिनात बदल करते का?

करते, जंतूच्या. जिवाणूची भिंत विणणाऱ्या एन्झाइमच्या कामाच्या जागी एक सेरिन असते. पेनिसिलिन त्याला पक्क्या बंधाने चिकटते आणि भिंत विणणे थांबते. जंतूंनी त्यावर दोन उत्तरे शोधली: पेनिसिलिनलाच तोडणारे एन्झाइम बनवणे, किंवा पेनिसिलिन सहजी चिकटणार नाही असे वेगळे एन्झाइम आणणे. सर्दी-पडशाला मेडिकलमधून स्वतःच अँटिबायोटिक घेणे अशा जंतूंना निवडून वाढवते. सर्दी विषाणूंची असते, तिथे या औषधाला करण्यासारखे काही नसते.

लस घेतलेल्या माणसाच्या घशात घटसर्पाचा जंतू राहू शकतो का?

राहू शकतो. टॉक्सॉइडची लस विषाविरुद्ध आहे, जंतूला घशातून हुसकावण्याची खात्री ती देत नाही. म्हणून लस घेतलेला माणूस ठणठणीत राहून जंतू पसरवू शकतो आणि न घेतलेले शेजारचे मूल आजारी पडू शकते. घरात घटसर्पाचा रुग्ण निघाला तर सगळ्यांची तपासणी, अँटिबायोटिक आणि राहिलेल्या मात्रा, तिन्ही लागतात.

मोठ्यांनीही मात्रा घ्यायची का? लहानपणी सगळे झाले आहे.

घ्यायची. टॉक्सॉइडने मिळालेली प्रतिपिंडे वर्षांमागून वर्षे कमी होत जातात. राष्ट्रीय वेळापत्रकात सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला पेंटाव्हॅलेंट, सोळा ते चोवीस महिन्यांत आणि पाच-सहा वर्षांच्या वयात त्रिगुणी, मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी. दहावी आणि सोळावी ही दोन वर्षे घराघरांत सर्रास विसरली जातात. टीडीत धनुर्वाताबरोबर घटसर्पाचाही घटक असतो, म्हणून जुन्या टीटीऐवजी आता तीच देतात. गरोदरपणातही टीडी देतात. आईची प्रतिपिंडे बाळापर्यंत पोचतात, आणि नवजात बाळांचा धनुर्वात देशातून सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून २०१५ मध्ये हटला त्यात या मात्रेचा मोठा वाटा आहे.

धनुर्वात माणसाकडून माणसाला होत नाही. त्याचे बीजाणू मातीत आणि शेणखतात असतात, त्यामुळे गावातल्या बाकी सगळ्यांनी लस घेतली तरी न घेतलेल्याला त्याचा फायदा मिळत नाही. धनुर्वात होऊन बरा झालेल्यालाही लस लागतेच, कारण आजार घडवायला पुरणारे विष इतके थोडे असते की प्रतिकारशक्ती त्याची दखल घेत नाही. शेतात काम करणाऱ्यांनी, विळा-कोयता हाताळणाऱ्यांनी शेवटची मात्रा कधी घेतली ते लिहून ठेवावे. दहा वर्षे झाली असतील तर प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. मातीने माखलेली किंवा खोल जखम झाली आणि शेवटच्या मात्रेला पाच वर्षे उलटून गेली असतील, तर जखम धुऊन त्याच दिवशी जावे.